नियमांना आता हात लावू नका : मंगोलियाच्या 126 खासदारांना खुले पत्र

प्रति,
उल्सिन इख खुरालचे सर्व 126 सदस्य,
शासकीय प्रासाद, सुखबातर चौक, उलानबातर

सन्माननीय सदस्यहो,

हे पत्र मराठीत आहे. तुमच्यापैकी कुणाला मराठी वाचता येत असेल असे मला वाटत नाही. तरी ते तुमच्याच नावे लिहितो आहे, कारण ज्याबद्दल बोलायचे आहे ते फक्त तुमच्या हातात आहे. मागणी एका ओळीची आहे. 2028 ची निवडणूक पार पडेपर्यंत, निवडणूक कशी घ्यायची याच्या नियमांना हात लावू नका.

तुमचा आमच्याशी संबंध काय, असे कुणी विचारले तर माझ्याकडे दोन उत्तरे आहेत. पहिले हिशेबाचे. मे 2015 मध्ये भारताचे पंतप्रधान तुमच्या सभागृहात भाषण करून गेले आणि एक अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर झाले. त्या कर्जातून दोर्नोगोबी आइमागात, म्हणजे प्रांतात, तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतो आहे. जून 2018 मध्ये त्याच्या पायाभरणीला आमचे तेव्हाचे गृहमंत्री राजनाथ सिंह आले होते, आणि तुमचे पंतप्रधान तेव्हा खुरेलसुख होते. काम अजून रेंगाळले आहे, आणि दरम्यान तुमच्याकडे पंतप्रधान बदलत राहिले. त्या कर्जामागे भारतीय करदाता उभा आहे आणि त्यात मीही आलो.

दुसरे उत्तर माझ्या धंद्याचे. मी राज्यशास्त्र शिकवतो. निवडणूक पद्धतींचा धडा आला की इतरांना ब्रिटन, जर्मनी, इस्रायल असे देशोदेशी हिंडावे लागते. मला उलानबातरच्या बाहेर पाऊल टाकावे लागत नाही. जगातल्या बहुतेक पद्धती तुम्ही एकाच देशात, एकाच पिढीत वापरून पाहिल्या आहेत. शिक्षक म्हणून माझी सोय झाली. मतदाराचे काय झाले, हा या पत्राचा विषय आहे.

आधी तुमचे देणे मान्य करतो, कारण आमच्याकडे ते कुणी करत नाही. मंगोलिया म्हटले की इथल्या माणसाला चंगेज खान आठवतो, फार तर गोबीचे वाळवंट. रशिया आणि चीन या दोनच शेजाऱ्यांच्या मध्ये कोंडलेल्या, जेमतेम पस्तीस लाख वस्तीच्या देशात तीस वर्षांहून अधिक काळ खऱ्याखुऱ्या निवडणुका होतात, सत्ताधारी हरतात आणि हरल्यावर घरी जातात, हे इथे फार थोड्यांना ठाऊक आहे. 10 डिसेंबर 1989 ला तुमच्या राजधानीत पहिली निदर्शने झाली. 7 मार्च 1990 ला कडाक्याच्या थंडीत सुखबातर चौकात उपोषण सुरू झाले आणि दोन दिवसांत तेव्हाचे सर्वोच्च नेते बातमुंख यांच्यासह सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या सगळ्या पॉलिटब्युरोने राजीनामा दिला. गोळी चालली नाही. त्याच वर्षी लडाखचे कुशोक बकुला रिन्पोछे भारताचे राजदूत म्हणून तिथे पोहोचले होते; त्यांनी तरुणांना अहिंसेची वाट सोडू नका म्हणून सांगितले, ही आठवण तुमच्याकडे अजून सांगतात. ज्या झोरिगने चौकातल्या त्या गर्दीला शांत ठेवले, त्याचा 2 ऑक्टोबर 1998 ला त्याच्याच घरात खून झाला. पंतप्रधानपदासाठी त्याचे नाव घेतले जात होते तेव्हाची ही गोष्ट. त्या खुनाचा तपास आणि बंद दाराआडचा खटला तुमच्या न्यायव्यवस्थेवर आजही डाग आहे, पण तो विषय वेगळ्या पत्राचा.

आता नियमांकडे येतो.

1992 मध्ये नव्या घटनेखाली पहिली निवडणूक झाली. सभागृह 76 जणांचे, मतदारसंघ बहुसदस्यीय : एका मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला द्यायची. जुन्या क्रांतिकारी पक्षाला, म्हणजे आजच्या पीपल्स पार्टीला, 57 टक्के मते पडली आणि 76 पैकी 70 जागा मिळाल्या. 1996 च्या आधी पद्धत बदलली आणि 76 एकसदस्यीय मतदारसंघ केले. बदल करणारा पक्ष सत्तेत होता, त्याला वाटले आपलेच भले होईल. झाले उलटे. लोकशाहीवाद्यांच्या आघाडीने 50 जागा नेल्या आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्या पक्षाला विरोधी बाकांवर बसावे लागले. चार वर्षांनी त्याच नियमाने त्याच पक्षाला निम्म्याच्या आसपास मतांवर 72 जागा दिल्या. म्हणजे निम्मा देश विरोधात मत देऊन आला आणि सभागृहात त्याच्या वतीने बोलायला चार माणसे उरली.

2004 त्याच नियमाने झाली आणि दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत सुटल्या. 2008 साठी पुन्हा बहुसदस्यीय मतदारसंघ आणले. जाता जाता आणखी एक गोष्ट झाली. उमेदवारांत 30 टक्के स्त्रिया असाव्यात अशी अट 2005 मध्ये घातली होती. ती एकदाही वापरायच्या आत, डिसेंबर 2007 मध्ये काढून टाकली. निवडणुकीनंतर सभागृहात तीन स्त्रिया होत्या. मतमोजणी लांबली, अफवा पसरल्या आणि 1 जुलैला राजधानीत दंगल उसळली. सत्ताधारी पक्षाचे मुख्यालय जळाले, पाच माणसे गेली, चार दिवस आणीबाणी लागली. निवडणूक चोरली गेली असे मी म्हणत नाही. निरीक्षकांनीही तसे म्हटले नव्हते. पण ज्या मतमोजणीचा ताळा सामान्य माणसाला आपल्या बोटांवर घालता येत नाही, तिच्याबद्दल संशय पेरणे फार सोपे असते. तुम्हीही ते ओळखले होते, म्हणून तर 2012 मध्ये मतपत्रिका वाचणारी यंत्रे आली. आमच्याकडे यंत्रांवरून इतकी वर्षे वाद चालू आहे, म्हणून मी हे मुद्दाम वाचले : तुमच्या यंत्रात कागदी मतपत्रिका जाते आणि कागद मागे उरतो, हवा तर हाताने मोजता येतो. हे शहाणपणाचे केलेत.

2012 साठी मिश्र पद्धत आली. 48 जागा मतदारसंघांतून, 28 जागा पक्षांच्या याद्यांमधून : मत पक्षाला द्यायचे आणि मतांच्या प्रमाणात त्याच्या यादीतली माणसे निवडून यायची. कुणालाच बहुमत मिळाले नाही, लहान पक्षांना जागा मिळाली आणि परदेशात राहणाऱ्या मंगोल नागरिकांना पहिल्यांदा संसदेसाठी मत देता आले. मला विचाराल तर तोवरची ती सर्वांत प्रामाणिक निवडणूक होती, निदान मत आणि जागा यांचा मेळ घालण्याच्या बाबतीत. मग ती पद्धत टिकली का?

2016 मध्ये जे झाले ते मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही. डिसेंबर 2015 मध्ये मिश्र पद्धतीचाच नवा कायदा झाला. एप्रिलमध्ये तुमच्या घटना न्यायालयाने, त्सेत्सने, यादीची पद्धत घटनेत बसत नाही असे ठरवले : घटना म्हणते प्रतिनिधी थेट निवडावा, आणि यादीतला माणूस थेट निवडलेला नसतो. 2012 मध्ये हीच यादी चालली होती, तेव्हाही घटना तीच होती. मग निवडणुकीला दोन महिनेही उरले नसताना 76 एकसदस्यीय मतदारसंघ आखले गेले. परदेशस्थ नागरिकांचे मत यादीला असायचे. यादी गेली तसे तेही गेले. सत्तेत तेव्हा डेमोक्रॅटिक पार्टी होती. तिला एकूण मतांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मते मिळाली आणि जागा मिळाल्या 9. पीपल्स पार्टीला 45 टक्क्यांच्या घरातल्या मतांवर 65. स्वतः निवडून आलेला अपक्ष एकच होता, तो लोकप्रिय गायक जावखलान. सगळ्या निकालात तेवढाच भाग गमतीचा होता.

म्हणजे पाहा, नियम वाकवणाऱ्याला नेहमी फायदाच झाला असे नाही. 1996 मध्ये जुना पक्ष फसला, 2016 मध्ये डेमोक्रॅटिक पार्टी. मला तर हे जास्त चिंतेचे वाटते. लबाडी यशस्वी होत असती तर निदान तिच्यात हिशेब तरी दिसला असता. इथे प्रत्येक वेळी कुणीतरी पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज बांधून चार वर्षांचा नियम बदलतो, अंदाज चुकतो आणि देश तो नियम भोगतो.

2019 मध्ये तुम्ही हा रोग ओळखला याबद्दल तुम्हाला गुण द्यायला हवेत. त्या नोव्हेंबरच्या घटनादुरुस्तीत स्पष्ट लिहिले : नियमित निवडणुकीच्या आधीच्या वर्षभरात संसदीय निवडणुकीचा कायदा करता येणार नाही, बदलता येणार नाही. फार चांगली तरतूद. पण ती दुरुस्ती 25 मे 2020 पासून लागू व्हायची होती. आणि लागू व्हायच्या आत, डिसेंबर 2019 मध्ये, तेव्हाच्या सभागृहाने जून 2020 च्या निवडणुकीसाठी नवा कायदा करून घेतला. पुन्हा बहुसदस्यीय मतदारसंघ. यादी नाही, परदेशातले मत नाही. पीपल्स पार्टीला पुन्हा 45 टक्क्यांच्या आसपास मते, पुन्हा 62 जागा. कुलूप विकत आणायचे आणि ते लावायच्या आधी घर रिकामे करून घ्यायचे, याला काय म्हणावे ते तुम्हीच सांगा.

आणि मग 2023. मे महिन्यातल्या घटनादुरुस्तीने सभागृह 126 जणांचे केले. 78 जागा मतदारसंघांतून, 48 याद्यांमधून, आणि हे आकडे घटनेतच घातले, म्हणजे त्सेत्सला 2016 सारखी हरकत घ्यायला जागा उरली नाही. 28 जून 2024 ला मतदान झाले. तेराशेंहून अधिक उमेदवार, सुमारे 69 टक्के मतदान. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात झुदने, म्हणजे जीवघेण्या बर्फाने आणि थंडीने, सत्तर लाखांहून अधिक जनावरे मारली होती. ज्याचा कळप बर्फात गेला तो पशुपालकही मैलोनमैल जाऊन मत देऊन आला. निकाल असा : पीपल्स पार्टी 68, डेमोक्रॅटिक पार्टी 42, हुन पक्ष 8, नॅशनल कोअॅलिशन 4, सिव्हिल विल-ग्रीन पार्टी 4. स्त्रिया 32, म्हणजे सभागृहाच्या चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त.

या आकड्यांच्या आत शिरा. मतदारसंघांतल्या 78 पैकी 50 जागा पीपल्स पार्टीने घेतल्या. यादीत तिला 35 टक्के मते पडली आणि 48 पैकी 18 जागा मिळाल्या. हुनच्या आठांपैकी सहा यादीतून आले. शेवटच्या दोन गटांचे सगळे, चारही आणि चारही, यादीतून. म्हणजे आज सभागृहात दोन मोठ्या पक्षांच्या बाहेरचा जो आवाज आहे, तो जवळजवळ सगळा त्या 48 जागांवर उभा आहे. मतदारसंघांतून सगळी संसद निवडली असती तर पुन्हा 1992, 2000, 2016 किंवा 2020 घडले असते, फक्त पक्षाचे नाव सांगायचे बाकी.

म्हणूनच मला भीती वाटते. घटनादुरुस्तीला सर्व सदस्यांच्या तीन चतुर्थांश मते लागतात. 126 चे तीन चतुर्थांश म्हणजे 95. तुमच्यातल्या दोन मोठ्या पक्षांची बेरीज 110 होते. त्या दोघांनी एका दुपारी ठरवले तर यादी पुन्हा जाऊ शकते, आणि उरलेल्या सोळा जणांना हात वर करून पाहत बसण्यापलीकडे काही करता येणार नाही. आणि आकड्यांना हात न लावताही पुष्कळ बिघडवता येते : मतदारसंघ किती आणि कसे आखायचे, यादीत जागा मिळायला किती टक्के मते हवीत, आघाडीला किती. हे सगळे साध्या कायद्याने बदलता येते. मतदाराच्या ते लक्षात येत नाही आणि निकाल मात्र फिरतो.

ही पद्धत मला आवडते म्हणून मी तिची बाजू घेतो आहे असे समजू नका. 78 जागांसाठी तेराच मतदारसंघ, म्हणजे एका मतदारसंघातून सरासरी सहा खासदार. मला स्वतःला ही रचना पटत नाही. पश्चिमेकडच्या दोन-तीन आइमागांचा मिळून एक मतदारसंघ केला की ‘आमचा खासदार कोण’ या प्रश्नाला उत्तरच राहत नाही. मतपत्रिका हातभर लांब होते. ज्याच्याकडे पैसा आणि दूरचित्रवाणी आहे तोच एवढ्या मुलखात पोहोचतो. यादीत कुणाचे नाव वर आणि कुणाचे खाली, हे पक्षाच्या बंद खोलीत ठरते, आणि त्या खोलीत काय चालते याचा तुमच्या लोकांना पुरेसा अनुभव आहे. सरकारी पदे साठ अब्ज तुग्रिकांना विकण्याची चर्चा ज्या ध्वनिफितीत ऐकू आली ती लोक विसरलेले नाहीत. त्याच प्रकरणावरून जानेवारी 2019 मध्ये सभापती एंखबोल्ड यांना जावे लागले. हे सगळे मान्य. तरीही माझे म्हणणे हेच की बरी-वाईट जशी आहे तशी ही पद्धत किमान दोनदा वापरा. एका निवडणुकीत मतदार फक्त मतपत्रिका कशी भरायची ते शिकतो. तिचा उपयोग कुणाला धडा शिकवायला कसा करायचा, हे त्याला दुसऱ्या खेपेला कळते. तुम्ही दुसरी खेप येऊच देत नाही.

इथे तुमच्यापैकी कुणी म्हणेल, नियम स्थिर ठेवून काय होणार, आमचे खरे दुखणे भ्रष्टाचार आहे. खरे आहे, आणि त्याची यादी मलाही पाठ आहे. 2018 मध्ये लघुउद्योगांसाठीच्या स्वस्त कर्जाचा पैसा खासदारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या कंपन्यांकडे गेल्याचे उघड झाले. डिसेंबर 2022 मध्ये चीनला गेलेल्या कोळशाच्या चोरीवरून हजारो तरुण गोठत्या चौकात उभे राहिले. 2025 च्या वसंतात पंतप्रधान ओयुन-एर्देने यांच्या मुलाच्या भावी पत्नीच्या महागड्या पर्सचे फोटो फिरले आणि ‘राजीनामा देणे सोपे आहे’ म्हणत लोक पुन्हा त्याच चौकात जमले. पण चोराला घालवायचे तर कुणाला मत द्यायचे हे माणसाला कळायला हवे. तेच तुमच्याकडे कळत नाही. त्याचे एक कारण नियम, आणि दुसरे कारण डेमोक्रॅटिक पार्टीच्या 42 सदस्यांनी जरा कान देऊन ऐकावे.

तुमच्या पक्षाने आजवर काय केले ते पाहू. 2004 मध्ये बरोबरी झाली म्हणून मोठी आघाडी, एल्बेगदोर्ज पंतप्रधान. जानेवारी 2006 मध्ये दुसऱ्या बाजूचे मंत्री बाहेर पडले आणि सरकार कोसळले. 2008 मध्ये दुसऱ्या पक्षाला स्वच्छ बहुमत होते, तरी दंगलीनंतर तुम्ही त्याच्या सरकारात गेलात आणि जानेवारी 2012 मध्ये, निवडणुकीला सहा महिने उरले असताना, बाहेर आलात. 2014 च्या अखेरीस तुमच्या सरकारात त्यांना घेतलेत आणि ऑगस्ट 2015 मध्ये त्यांना काढलेत. 2024 मध्ये 42 जागा मिळाल्या, 2016 च्या नऊ आणि 2020 च्या अकरा जागांनंतर एवढे बळ पहिल्यांदाच आले होते, आणि तुम्ही उपपंतप्रधानपद घेऊन पुन्हा सरकारात जाऊन बसलात. तळ्यात-मळ्यात लहान मुलांचा खेळ म्हणून ठीक आहे. 42 जणांचा पक्ष सरकारात गेला की मोठ्या विरोधी पक्षाची जागा रिकामी राहते आणि ती भरायला रस्त्यावरची गर्दी येते. 2025 मध्ये नेमके तसेच झाले. तुमच्यातल्या काही तरुण खासदारांनी आंदोलनाला पाठिंबा दिला, तेव्हा 21 मे रोजी पीपल्स पार्टीने तुम्हाला आघाडीतून बाहेर काढले. विरोधक होण्याची तुमची वेळसुद्धा त्यांनीच ठरवली!

दोन्ही पक्षांच्या आद्याक्षरांची सांगड घालून तुमच्याकडे त्यांना ‘मानान’ म्हणतात, म्हणजे धुके, हे मी वाचले आहे. 2018-19 च्या हिवाळ्यातल्या मोर्चांमध्ये तीच घोषणा होती. तरी 2024 मध्ये त्याच जोडीने सरकार बनवले.

आणि घरातली भांडणे? 2021 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर डेमोक्रॅटिक पार्टीचे दोन गट झाले, दोघेही म्हणत खरा पक्ष आम्हीच. शिक्का कुणाकडे यावर वाद, दोन उमेदवार, निवडणूक आयोगाने एकाला मान्यता दिली. महाराष्ट्रातल्या वाचकाला या प्रसंगाचे स्पष्टीकरण द्यायला नको. पक्ष कुणाचा आणि चिन्ह कुणाचे, हा वाद आम्ही लगेच पुढच्या वर्षापासून पोटभर पाहिला. फरक एवढाच की तुमच्या मतदाराने त्याचा निकाल ताबडतोब लावला. पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला सहा टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि तो तिसरा आला. खुरेलसुख दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या पक्षाकडे संसद होतीच. आता सगळेच आले.

तुमच्या मतदाराला नकार देता येतो, हे तुम्हाला 2017 मध्येही दिसले होते. राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत बतुल्गा आणि एंखबोल्ड असे दोघेच उरले तेव्हा आठ टक्क्यांहून अधिक लोकांनी कोरी मतपत्रिका टाकली. तुमच्या कायद्यात ती एकूण मतांत मोजली जाते, त्यामुळे बतुल्गा यांचे बहुमत जेमतेम 50.6 टक्क्यांवर आले. थोडी आणखी कोरी मते पडली असती तर फेरनिवडणूक घ्यावी लागली असती. एखाद्या देशातले लोक रांगेत उभे राहून, ओळखपत्र दाखवून, कुणीच नको असे सांगायला येतात, तेव्हा त्यांचा लोकशाहीवरचा विश्वास उडालेला नसतो. घरी बसणे त्याहून सोपे होते.

आता 68 सदस्यांच्या पक्षाकडे वळतो, कारण गेल्या काही वर्षांतले खेळ त्याच्या घरातच झाले आहेत. 3 जून 2025 ला ओयुन-एर्देने यांनी विश्वासदर्शक मत मागितले. गुप्त मतदान झाले. 44 बाजूने, 38 विरोधात. हवी होती 64. एकट्या पीपल्स पार्टीकडे 68 होती. म्हणजे ती 44 च्या 44 मते पक्षाचीच होती असे धरले तरी निदान 24 जणांनी आपल्याच पंतप्रधानाला हात दिला नाही. सभागृह 126 जणांचे, मते पडली 82. बाकीच्या 44 जणांचे मत कुठे नोंदले गेले? पंतप्रधान जावा की राहावा यावर कोणत्या खासदाराने काय केले, हे त्याच्या मतदाराला अधिकृतपणे कळायचा मार्गच नाही. मग 2028 मध्ये तो कुणाचा हिशेब करणार? ओयुन-एर्देने यांच्या जागी झंदनशतर 13 जूनला पंतप्रधान झाले. जेमतेम चार महिने झाले तोच ऑक्टोबरमध्ये त्याच सभागृहाने त्यांनाही हटवण्याचा ठराव केला, राष्ट्राध्यक्षांनी तो नकाराधिकाराने उडवला आणि ते पुन्हा खुर्चीत बसले. पंतप्रधान, त्याला हटवणारे आणि त्याला वाचवणारा, मूळ एकाच पक्षाचे. निवडणुकीत जे भांडण लोकांपुढे व्हायला हवे ते पक्षाच्या गटांमध्ये होते आहे आणि लोकांना फक्त त्याचा निकाल कळतो.

2019 च्या घटनादुरुस्तीत तुम्ही लिहिले होते की पंतप्रधान सोडून चारच मंत्री खासदार असतील. खासदारकीवर मंत्रिपद चढवण्याला तुमच्याकडे ‘दुहेरी देल’ म्हणतात. देल म्हणजे तुमचा अंगरखा; अंगात एक असताना वर दुसरा घालायचा. ऑगस्ट 2022 मध्ये ती मर्यादाही काढून टाकली. नियम तीन वर्षेही टिकला नाही. सरकारवर लक्ष ठेवायचे काम ज्यांचे, त्यांच्यातलेच सरकार झाले तर सभागृहात लक्ष ठेवायला उरते कोण? या एका बाबतीत तुम्ही नियम परत बदललात तर मी तक्रार करणार नाही, आणि ‘हात लावू नका’ या माझ्याच मागणीशी ते विसंगत आहे असे कुणी म्हटले तर म्हणू द्या. मंत्री कोण व्हावा हा निवडणुकीचा नियम नाही.

म्हणून मागणी पुन्हा सांगतो, जरा तपशिलाने. तुमच्याच घटनेप्रमाणे जून 2027 नंतर निवडणूक कायदा बदलता येणार नाही. त्याच्या आधीच्या काही महिन्यांत काय होते हे 2019 च्या डिसेंबरने दाखवून दिले आहे. तेव्हा 2027 उजाडायची वाट न पाहता सभागृहात एक साधा ठराव करा : 78 आणि 48 या आकड्यांना, मतदारसंघांच्या संख्येला आणि यादीसाठी लागणाऱ्या टक्क्यांना आम्ही 2028 पर्यंत हात लावणार नाही. 2028 पासून उमेदवारांत स्त्रियांचे प्रमाण 40 टक्के करण्याचे तुम्ही कायद्यात लिहिले आहे, ते 2007 सारखे ऐन वेळी पुसणार नाही. परदेशातल्या नागरिकाला यादीसाठी 2024 मध्ये परत मिळालेले मत पुन्हा काढून घेणार नाही. आमच्या परदेशस्थ माणसांना अजूनही मत द्यायला विमानाचे तिकीट काढून गावी यावे लागते, तेव्हा या बाबतीत तुम्ही आमच्या पुढे आहात; मागे येऊ नका. आणि त्या ठरावावर मतदान घ्याल तेव्हा ते नावानिशी, उघड घ्या.

आपला,
महाराष्ट्रातला एक राज्यशास्त्राचा शिक्षक